छप्पर कोणावर घालायचे?
पागा, रिंगण आणि घोडेस्वारीची शाळा



कलघटगीतली ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. शिक्षकाच्या स्मृतीला साजेसा विषय शोधताना मी शाळेचाच विषय निवडला. ही शाळा मात्र थोडी वेगळी आहे. तिच्यात एकाच वेळी दोन विद्यार्थी शिकतात, एक माणूस आणि एक जनावर. लष्करी घोडेस्वारीची शाळा आणि त्या शाळेचे बंदिस्त रिंगण, ज्याला इंग्रजी अमदानीपासून आपण रायडिंग स्कूल किंवा रायडिंग हॉल म्हणत आलो, त्याच्या इतिहासाबद्दल मी आज बोलणार आहे.

कलघटगीत हा विषय कशासाठी, असे कोणाच्या मनात आले असेल. कलघटगी म्हटले की सगळ्या धारवाड जिल्ह्याला तोट्टिलु आठवतो, आपला रंगीत पाळणा. सागवानी लाकूड, त्यावर लाखेचे रंग आणि त्या रंगांत रामायणातले, कृष्णलीलेतले प्रसंग. एका घरातला पाळणा तीन-तीन पिढ्यांना पुरतो. ही कला पुस्तकातून आली नाही. ती हातातून हातात आली. घोडेस्वारीची विद्याही तशीच हातातून हातात येते. आणखी एक साम्य आहे. पाळण्यातले मूल बोलण्याआधी, चालण्याआधी हेलकाव्याशी जुळवून घ्यायला शिकते. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध घोडेस्वारी शाळेत नव्या शिकाऊ मुलाला कित्येक महिने हातात लगाम देत नाहीत आणि पायाला रिकीब देत नाहीत. घोडा लांब दोरीवर गोल फिरत असतो आणि मुलगा त्याच्या पाठीवर नुसता बसलेला असतो. त्याने एवढेच शिकायचे, की घोड्याच्या हेलकाव्याशी आपली पाठ भांडू नये. बाकी सगळे शिक्षण त्यानंतर.

वाह्याली: आपल्या मातीतले रिंगण

रिंगणाचा इतिहास युरोपपासून सुरू करण्याची सवय आहे. मी तो इथून सुरू करतो, कारण हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांचा. त्या घराण्यातला तिसरा सोमेश्वर ११२६ ते ११३८ या काळात राज्य करीत होता. त्याच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ म्हणजे राजाच्या जगण्याचा कोशच आहे. स्वयंपाकापासून संगीतापर्यंत सगळे त्यात आहे. त्यात ‘वाजिवाह्याली’ नावाचे प्रकरण आहे. वाजी म्हणजे घोडा आणि वाह्याली म्हणजे घोडा फिरवण्याचे, त्याला शिकवण्याचे आणि त्याच्यावरचे खेळ खेळण्याचे मैदान. घोड्यावरून चेंडू मारण्याचा खेळही तिथे येतो. कन्नडमध्ये वैयाळी हा शब्द याच अर्थाने टिकून आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेने गजानन श्रीगोंदेकरांच्या संपादनाखाली हा ग्रंथ छापला, म्हणून तो आज आपल्या हातात आहे. कन्नड मुलखातल्या राजाचे ज्ञान मराठी संस्थानाने जपले, ही गोष्ट सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

भाषेचाही पुरावा पाहा. मराठीत स्वाराला राऊत म्हणत, कन्नडमध्ये रावुत म्हणतात. लगाम आणि जीन हे शब्द दोन्हीकडे जवळजवळ सारखेच आहेत. घोडा भाषेची सीमा पाळत नव्हता. त्याच्यामागे त्याची शब्दसंपदा चालत गेली.

घोडा यायचा, पण विद्या यायची नाही

दक्षिणेत घोड्यांची पैदास पुरेशी होत नसे. अरबस्तान आणि इराणातून घोडे जहाजाने येत. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो हा प्रवासी दक्षिण किनाऱ्यावर आला. पांड्य राजे दरसाल घोड्यांवर प्रचंड पैसा घालतात आणि वर्ष सरता सरता त्यांतले मोजकेच जिवंत राहतात, असे त्याने लिहून ठेवले. कारणही त्याने दिले. घोड्याला खायला काय घालावे हे तिथे ठाऊक नव्हते आणि नाल ठोकून खूर सांभाळणारा जाणकार नव्हता. त्याचा असाही आरोप आहे, की घोडे विकणारे व्यापारी जाणकारांना तिकडे जाऊच देत नसत. घोडे मेले तर पुढच्या वर्षी पुन्हा विकता येत होते.

या नोंदीत प्रवाशाची अतिशयोक्ती असेल. पण त्यातले मर्म खोटे नाही. घोडा हे मोठे दिसणारे आणि आतून फार नाजूक जनावर आहे. त्याला उलटी करता येत नाही. म्हणून चुकीचा चारा, बुरसटलेला दाणा किंवा दमछाक झाल्या झाल्या भरपूर दिलेला खुराक त्याच्या पोटात अडकतो, आणि पोटशूळ त्याचा जीव घेतो. खूर नखांसारखे वाढत राहतात, म्हणून साधारण सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून पुन्हा ठोकावे लागतात. पावसात, चिखलात उभा राहिला की खूर मऊ पडून सडतो. पाठीवर खोगीर नीट बसले नाही तर जखम होते, आणि जखमी पाठीचा घोडा महिनाभर उपयोगाचा राहत नाही. खोगीर आतून चिंध्यांनी भरत. तिथून खोगीरभरती हा शब्द आला. आज आपण तो निरुपयोगी भर या अर्थी वापरतो. पण ज्याच्या पाठीवर ती भरती येई त्या जनावराला विचारले असते, तर तीत निरुपयोगी काही नव्हते. ती चुकली की पाठ फाटत असे.

विजयनगरने पुढे हाच व्यापार वाढवला. कृष्णदेवराय होर्मुझहून आलेले घोडे दरसाल हजारोंनी घेई, असे न्यूनिझ या पोर्तुगीज व्यापाऱ्याने लिहिले आहे. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला आणि घोड्यांच्या या वाहतुकीवर ताबा मिळवला. १५४७ च्या तहात गोव्यात उतरणारे घोडे विजयनगरला मिळावेत अशी अट होती. भटकळ, होन्नावर, गोवा या बंदरांतून सह्याद्री चढून घोडे वर येत. आज आपल्या गावावरून अंकोल्याकडे मालमोटारी धावतात. किनारा आणि पठार यांना जोडणाऱ्या अशा वाटांवर एके काळी सगळ्यांत महागडा माल चार पायांवर चालत होता.

भिंती आणि कोपरे

आता युरोपकडे वळू. बंदिस्त रिंगण तिथे का बांधले गेले?

पहिले कारण हवामान. सहा महिने बर्फ, पाऊस आणि अंधार असेल तर घोडदळाला सराव कधी करायचा? दुसरे कारण शिकवण्याच्या पद्धतीत आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. कोवळा घोडा सरळ चालत नाही. तो एका बाजूला झुकतो, खांदा बाहेर टाकतो. भिंत त्याची बाहेरची बाजू धरून ठेवते. कोपऱ्यात त्याला अंग वाकवावेच लागते, आणि वाकताना मागचा पाय पोटाखाली घ्यावा लागतो. वर्षभरात असे हजारो कोपरे झाले की घोड्याची पाठ उचलली जाते आणि स्वाराचे वजन तो लीलया पेलू लागतो. बंद जागेत आवाज घुमत असल्याने उस्तादाला ओरडावे लागत नाही, आणि घोड्यालाही घाबरवणारे काही दिसत नाही. म्हणजे भिंत हीसुद्धा एक शिक्षिकाच आहे. आजही स्पर्धेचे रिंगण २० मीटर रुंद आणि ४० किंवा ६० मीटर लांब असते, ते याच परंपरेतून आले.

व्हिएन्नाचे हिवाळी रिंगण १७२९ ते १७३५ या काळात बांधले गेले. ते ५५ मीटर लांब, १८ मीटर रुंद आणि १७ मीटर उंच आहे. पांढऱ्याशुभ्र भिंती, ४६ खांब, वर सज्जे. ज्याने ते बांधवले त्या सहाव्या चार्ल्स बादशहाचे चित्र एका टोकाला आहे. आत येणारा प्रत्येक स्वार त्याला टोपी काढून अभिवादन करतो. आपल्याकडे आखाड्यात उतरणारा मल्ल मातीला हात लावून कपाळाला लावतो, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

मॉस्कोचे रिंगण १८१७ चे. नेपोलियनच्या पराभवाला पाच वर्षे झाली, त्या निमित्ताने ते उभारले. बेतानकूर नावाच्या स्पॅनिश अभियंत्याने मध्ये एकही खांब न देता सुमारे ४५ मीटरचे लाकडी छप्पर तोलून धरले. एक अख्खी पलटण आत कवायत करू शकेल एवढी ती जागा. पुढे घोडे गेले आणि तिथे प्रदर्शने भरू लागली. २००४ च्या मार्चमध्ये आग लागून ते जुने लाकडी छप्पर जळून कोसळले. इमारत पुन्हा उभी केली. घोडे मात्र त्याच्या कितीतरी आधीच गेले होते.

फ्रान्समध्ये सोमूर या गावी घोडदळाची शाळा आहे आणि तिच्यातून निघालेला उस्तादांचा काळ्या गणवेशातला ताफा जगभर प्रसिद्ध आहे. २०११ साली युनेस्कोने फ्रेंच परंपरेच्या घोडेस्वारीला मानवी वारशाच्या यादीत घेतले. २०१५ मध्ये व्हिएन्नाच्या विद्येलाही तो मान मिळाला. ही यादी अमूर्त वारशाची आहे, म्हणजे हातात, डोळ्यांत आणि सरावात राहणाऱ्या गोष्टींची. व्हिएन्नात एवढी देखणी इमारत उभी असूनही आतल्या माणसांना जे येते त्याचा स्वतंत्र सन्मान करावासा वाटला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मराठ्यांनी रिंगण का बांधले नाही?

मग प्रश्न येतो, की अटकेपर्यंत घोडे नेणाऱ्या मराठ्यांनी असे एखादे छपरी रिंगण का बांधले नाही?

उत्तर आपल्या पंचांगात आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला बसून शिवाजी महाराजांची बखर लिहिली. तीत लष्कराचे वर्ष सांगितले आहे. पावसाळ्यात छावणी आणि दसऱ्याला कूच. आठ महिने मुलूखगिरी, परतल्यावर एकेका घोड्याची, एकेका वस्तूची मोजदाद. स्वाराचा सराव उघड्या मैदानावर आणि चालत्या वाटेवर होई. पाऊस पडे तेव्हा फौज घरी असे. स्वाराच्या डोक्यावर छप्पर लागतच नव्हते.

पण या व्यवस्थेची रचना नीट पाहा. पंचवीस बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर, एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. लढणारे पंचवीस मोजताना पाणी आणणारा आणि नाल ठोकणारा त्याच ओळीत मोजला आहे. मार्को पोलोने ज्या जाणकाराची उणीव नोंदवली होती, तो इथे फौजेच्या रचनेतच बसवलेला आहे. पुढे पेशवाईत सरदारांना फौजेच्या खर्चासाठी जी आगाऊ रक्कम मिळे तिचे नावच नालबंदी. राज्याचा पहिला पैसा नालेच्या नावाने मोजला जाई.

आणि आता ज्या कागदाभोवती माझे आजचे सगळे बोलणे फिरते त्या कागदाकडे येतो. १६७० च्या दशकात महाराजांची पागा पावसाळ्यासाठी चिपळूणच्या परिसरात छावणीला होती. तिथल्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना महाराजांचे एक पत्र गेले. ते उपलब्ध आहे. त्याचा आशय सांगतो. पावसाळ्यासाठी दाणा आणि वैरण साठवून दिली आहे. ती आत्ताच मनमानी उधळलीत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरचा दाणा, गवत, भाजी उचलायला लागाल आणि त्याला मोगल बरे होते असे वाटेल. जे लागेल ते बाजारातून विकत आणा. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, चिलीम ओढू नका. रात्री दिवे तसेच ठेवून झोपू नका, उंदीर जळती वात पळवून नेईल, गवताला आग लागेल आणि सगळी पागा बुडेल.

एवढ्या मोठ्या राजाच्या डोळ्यांसमोर उंदराच्या तोंडातली वात आहे. घोडेस्वारीवरचा याहून मोठा धडा मी कुठे वाचलेला नाही. युरोपने छप्पर स्वाराच्या डोक्यावर घातले, महाराजांना चिंता होती वैरणीवरच्या छपराची. दोन्ही छपरांची गरज होती. पण एक आधी आणि दुसरे नंतर. वैरणीवरचे छप्पर गळत असेल तर रिंगण कितीही देखणे असो, त्यात फिरवायला घोडा उरत नाही.

जे आपल्याकडे कमी पडले

स्मृतीला वाहिलेल्या व्याख्यानात आपलीच स्तुती करून थांबणे मला योग्य वाटत नाही. कमी काय पडले, तेही बोलू.

पहिली गोष्ट, वैरणीचा हा पहिला धडा आपण स्वतःच विसरलो. १७६० च्या नोव्हेंबरपासून पानिपतावर मराठ्यांची छावणी कोंडली गेली. दाणा-वैरण तुटली. १४ जानेवारी १७६१ ला लढाईला उभे राहिलेले घोडे आठवडेच्या आठवडे उपासाने खंगलेले होते. त्या मोहिमेत शत्रूची रसद तोडण्याचे आणि आपली रसद चालवण्याचे काम ज्यांच्यावर होते ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले. गोविंदपंतांचे ठाणे बुंदेलखंडातले सागर. हे नाव लक्षात ठेवा, आपण तिथे पुन्हा जाणार आहोत.

दुसरी गोष्ट आपल्या अंगणातली. १७९० मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी टिपू सुलतानाच्या ताब्यातल्या धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदार बद्रुज्जमाखानाने तो सहा महिन्यांहून अधिक झुंजवला आणि १७९१ च्या एप्रिलमध्ये किल्ला पडला. घोडदळ मुलूख व्यापू शकत होते, किल्ला झटपट घेऊ शकत नव्हते. नंतर १८०० साली धोंडजी वाघ या बंडखोराने याच धारवाड-कित्तूरच्या टापूत धोंडोपंत गोखल्यांना गाठून मारले. हे बापू गोखल्यांचे चुलते. त्याच वर्षी १० सप्टेंबरला कोनगलला आर्थर वेलस्ली धोंडजीवर चालून गेला. वेलस्लीजवळ घोडदळाच्या चारच पलटणी होत्या, धोंडजीजवळ सुमारे पाच हजार स्वार. वेलस्लीने चारही पलटणी एका ओळीत उभ्या केल्या आणि स्वतः पुढे होऊन हल्ला चढवला. धोंडजी पडला, त्याचे घोडदळ उधळले.

हजारभर घोडे एका ओळीत, एका वेगाने, ओळ न मोडता धावतात ही गोष्ट शौर्याने होत नाही. शौर्य धोंडजीच्या स्वारांतही होते. ओळ राहते ती रोजच्या कवायतीने आणि ती कवायत शिकवणाऱ्या कायमच्या शाळेने. आपला चाबुकस्वार घोडा उत्तम तयार करी. चाबुकस्वार म्हणजे घोडा शिकवणारा उस्ताद, आज हे आडनाव म्हणून उरले आहे. पण एका चाबुकस्वाराची विद्या दुसऱ्याशी पडताळून, लिहून सगळ्या फौजेला एकसारखी देणारी संस्था आपण उभारली नाही. उस्ताद गेला की त्याच्याबरोबर त्याची विद्या जात होती.

सागर: उस्तादांची शाळा

आता सागरला जाऊ. गोविंदपंतांनी वाढवलेले हे गाव १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेले. तिथे १९१० साली हिंदुस्थानी घोडदळाची घोडेस्वारी शाळा निघाली. निरनिराळ्या रिसाल्यांतून अंमलदार तिथे येत, घोडा आणि स्वार दोघांना शिकवण्याची पद्धत शिकत, आणि आपापल्या रिसाल्यात जाऊन ती पुढे देत. म्हणजे ही उस्तादांना घडवणारी शाळा होती. आपल्याला जी साखळी जोडता आली नव्हती, ती इथे जोडली गेली.

याच काळात हिंदुस्थानी घोडदळात शिलेदारी चालू होती, हेही सांगितले पाहिजे. बारगिराला घोडा सरकारचा, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. ही आपली जुनी पद्धत ईस्ट इंडिया कंपनीने उचलली. स्वार आपला घोडा आणि सरंजाम घेऊन किंवा त्यापोटी रक्कम भरून भरती होई. १८१७ च्या पुणे तहातून उभ्या राहिलेल्या पूना हॉर्सपासून अनेक रिसाले या पद्धतीवर चालले. पहिल्या महायुद्धाने तिचे दोष उघडे पाडले. समुद्रापार हजारो घोडे मेले तर स्वाराने दुसरा घोडा आणायचा कुठून? १९२१ मध्ये ३९ रिसाल्यांचे २१ झाले आणि शिलेदारी संपली. घोडा सांभाळण्याची पूर्ण जबाबदारी सरकारवर आली.

मग घोडाच गेला. १९३८ मध्ये पहिल्या दोन हिंदुस्थानी रिसाल्यांनी घोडे सोडून यांत्रिक गाड्या घेतल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर सागरची शाळा मिटली. आज सागरला महार रेजिमेंटचे केंद्र आहे. ही रेजिमेंट १९४१ साली आपल्या शेजारच्या बेळगावात उभी राहिली. गोविंदपंतांचे ठाणे, घोडेस्वारांची शाळा आणि बेळगावात जन्मलेल्या पलटणीचे घर, अशा तीन पिढ्या एकाच गावाने पाहिल्या.

अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, चिलखती दळाचे केंद्र झाले. तिथे १९९४ मध्ये उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. त्याच्या नावातही घोडदळच आहे, कारण रणगाड्यांच्या कित्येक पलटणी आजही स्वतःला हॉर्स, लान्सर्स आणि कॅव्हलरी म्हणवतात. वाहन बदलले तरी दफादार आणि रिसालदार ही पदे राहिली.

आजची रिंगणे

घोडेस्वारी मात्र मेली नाही. संस्थानांचे रिसाले एकत्र करून १९५३ मध्ये ग्वाल्हेरला एक घोडदळ उभे केले. तेच पुढे ६१ वे कॅव्हलरी झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारताने घोडेस्वारीत सुवर्णपदके जिंकली, ती लष्करात शिकलेल्या स्वारांच्या जोरावर. त्यानंतर ४१ वर्षे सुवर्ण आले नाही. २०२३ मध्ये हांगझोला चौघांच्या संघाने ड्रेसाज या प्रकारात ते मिळवले. सुदीप्ती हजेला इंदूरची, हृदय छेडा मुंबईचा, बरोबर दिव्यकृती सिंह आणि अनुष अगरवाला. ड्रेसाज म्हणजे त्याच बंदिस्त रिंगणातली विद्या. स्वार आणि घोडा यांच्यात इतके सूक्ष्म इशारे, की पाहणाऱ्याला ते दिसू नयेत.

महाराष्ट्रात डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोंसला मिलिटरी स्कूल सुरू केले आणि घोडेस्वारी ही त्या शाळेची ओळख झाली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे उद्घाटन १९५५ च्या जानेवारीत झाले. भूदल, नौदल आणि हवाईदल, कुठेही जाणारा छात्र तिथे घोड्यावर बसायला शिकतो. जहाजावर जाणाऱ्याला घोडा कशासाठी? याचे उत्तर मला असे सुचते, की घोडा हुद्दा ओळखत नाही. अर्धा टन वजनाचे जिवंत जनावर तुमच्या पाठीच्या कण्यातून तुमची भीती वाचते. तिथे आव आणून चालत नाही. माणसांना हुकूम देण्याआधी हे शिकलेले बरे.

आणि सगळ्यांत जवळचे उदाहरण कित्तूरचे. १९६९ मध्ये तिथे राणी चन्नम्माच्या नावाने मुलींची सैनिकी निवासी शाळा सुरू झाली. त्या काळी देशाच्या प्रबोधिनीचे दरवाजे मुलींना बंद होते. ते २०२२ मध्ये उघडले आणि पहिल्या १७ छात्रा २०२५ च्या मे महिन्यात तिथून बाहेर पडल्या. कित्तूरच्या मुली त्याच्या कितीतरी आधीपासून घोड्यावर बसत आल्या आहेत.

माझे मागणे

म्हणून या व्यासपीठावरून मी दोन गोष्टी मागतो.

पहिली, घोडेस्वारी शिकवणाऱ्या प्रत्येक शाळेने मुलाचा पहिला महिना तबेल्यात घालवावा. जुन्या पागेत नवख्याच्या हातात आधी खरारा देत. त्याने घोड्याचे अंग घासावे, पायांवरून हात फिरवून कुठे गरम लागते ते ओळखावे, तोबऱ्यात दाणा मोजून घालावा, नालबंदाशेजारी बसून खूर तासताना पाहावे. मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याला, त्याने गुरू मानावे. तबेल्यातल्या माणसाला आपण नोकर समजतो. चिपळूणचे पत्र ज्यांना लिहिले, त्यांचा आजचा वारसदार तोच आहे.

दुसरी गोष्ट आपण इथे करू शकतो. भीमा नदीच्या काठचा भीमथडी घोडा मराठ्यांच्या मुलूखगिरीचा पाया होता. अलीकडेच भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. जनावराची नोंद झाली, आता शब्दांची व्हायला हवी. दुडकी, रवाल, चौखूर या चालींची नावे, रिकीब, तंग, मोहरा ही साजाची नावे, औषधपाण्याचे शब्द. सारंगखेड्याच्या बाजारात, टांगेवाल्यांच्या घरांत, आपल्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या नालबंदांच्या तोंडी ते अजून आहेत, मराठीत आणि कन्नडमध्येही. आपल्या महाविद्यालयांतल्या मुलांनी वही घेऊन त्यांच्याकडे बसावे. उस्तादाबरोबर विद्या जाऊ देण्याची जी चूक आपल्याकडून अठराव्या शतकात झाली, ती एकविसाव्या शतकात तरी होऊ नये.

हुबळीच्या चौकात राणी चन्नम्माचा अश्वारूढ पुतळा आहे. आपण सगळे त्याच्या खालून रोज जातो. राणीला हात जोडतो, जोडलेच पाहिजेत. पुढच्या वेळी जाताना क्षणभर त्या घोड्याच्या पायांकडेही पाहा. ते खूर कोणीतरी तासले असतील. त्याची वैरण कोणीतरी कोरडी ठेवली असेल. आणि झोपण्याआधी गंजीजवळची वात कोणीतरी आठवणीने विझवली असेल.

त्या माणसांना माझा नमस्कार.